एकांत, एकटेपणा आणि दारातला अतिथी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, २०२१ ची दत्तजयंती १८ डिसेंबरला, शनिवारी आली. त्याच्या आदल्या वर्षी, २०२० मध्ये, २९ डिसेंबरला देऊळ उघडं होतं खरं, पण तोंडाला मास्क, जमिनीवर आखलेले गोल, हातावर प्रसाद नाही आणि पाळण्याची दोरी ओढायला मोजकीच माणसं. मग २०२१ च्या एप्रिलात दारं परत बंद झाली. घटस्थापनेला, ७ ऑक्टोबरला, ती पुन्हा उघडली. आता सप्ताहाची तयारी चालली आहे. अंकासाठी चार ओळी लिहा असं मंडळींनी सांगितलं, तेव्हा मी आधी नको म्हटलं. मी काही प्रवचनकार नाही. पेणच्या एका पोह्यांच्या गिरणीत पस्तीस वर्षं हिशेब लिहिण्यात गेली. पण या दोन वर्षांत एक प्रश्न मनात रुतून बसला आहे. तो आपल्यासारख्या गृहस्थांपुढे मांडावा असं वाटलं, म्हणून लिहितो.

प्रश्न असा. अतिथीला विन्मुख पाठवू नये, हा गृहस्थाचा धर्म. आपल्या दत्त संप्रदायात तर जास्तच. दत्तप्रभूंचा जन्मच मुळी दारात आलेल्या तीन अतिथींतून झाला. अनसूयामातेने त्यांना परत पाठवलं असतं तर आज पाळणा कोणाचा हलवला असता? पण असा एक काळ आला, की दार उघडलं तर घरातल्या माणसाचा नाहीतर दारातल्या माणसाचा जीव जाण्याची भीती. सरकार, डॉक्टर, मुलं-नातवंडं सगळे एकच सांगत होते, दार लावा. मग त्या काळात गृहस्थाचा धर्म कोणता? दार लावणं हा धर्म होता, की तो धर्माला सोडण्याचा सोयीचा बहाणा होता?

माझ्या बाबतीत उत्तर काय होतं ते आधी सांगतो. ते फारसं भूषणावह नाही.

२२ मार्च २०२० च्या रविवारी जनता कर्फ्यू झाला. संध्याकाळी पाच वाजता आमच्या आळीत थाळ्या वाजल्या, मीही वाजवली. बुधवारी, २५ तारखेला, गुढीपाडवा आणि त्याच दिवसापासून देशभर लॉकडाऊन. गुढीला ना फुलांचा हार ना साखरेची गाठी. घरात होता तो कडुनिंब आणि वाटीभर साखर. माझी पत्नी पाच वर्षांपूर्वी गेली, मुलगा पुण्याला. घरात मी एकटाच. मुलाचा दिवसातून चार वेळा फोन, ‘बाबा, वय एकोणसत्तर आहे, साखर आहे, उंबरठ्याच्या बाहेर पाऊल टाकू नका.’

खरं सांगायचं तर पहिले दोन-तीन दिवस मी मनातून खूश होतो. आयुष्यभर म्हणत आलो, वेळ मिळाला की निवांत साधना करीन. हा देवानेच दिलेला एकांत आहे असं समजून मी पहाटे उठलो, स्नान केलं, पोथी काढली. गुरुचरित्राचा सप्ताह सुरू केला. तोंडाने ओव्या चालल्या होत्या आणि मन मात्र दूरदर्शनच्या खालच्या पट्टीवर. आज किती रुग्ण वाढले? पनवेलला आला का? आपल्या तालुक्यात आला का? अध्याय संपला की आधी मोबाइल हातात. पोथी उघडी ठेवून मी बातम्या बघत बसलेला. तेव्हा लक्षात आलं, मी एकटा आहे, पण एकांतात नाही. घरात दुसरं माणूस नसलं म्हणून एकांत होत नाही. सगळ्या जगाची भीती मी घरात घेऊन बसलो होतो.

चौथ्या दिवशी, शनिवारी दुपारी, फाटकाची कडी वाजली.

आमचं घर मुंबई-गोवा हायवेपासून दहा मिनिटं आत आहे. त्या दिवसांत मुंबई-पनवेलहून कोकणात चालत निघालेल्या माणसांची रांग आपण सगळ्यांनी पाहिली आहे. काम बंद, गाडी बंद, एसटी बंद, दिवा-रोहा गाडी बंद. कुणी महाडला, कुणी पोलादपूरला, कुणी पार रत्नागिरीकडे निघालेलं. वाटेतली हॉटेलं, टपऱ्या सगळं बंद, त्यामुळे पाणीसुद्धा मिळेना. फाटकाशी एक माणूस, त्याची बायको आणि त्याच्या खांद्यावर पाच-सहा वर्षांचं पोर. त्याने हाक मारली, ‘आजोबा, पाणी मिळेल का?’

मी खिडकीच्या आत उभा होतो. पाण्याचं भरलेलं पिंप माझ्या पाठीशी होतं. आणि माझ्या तोंडून शब्द गेले, ‘पुढे जा.’

तो काही बोलला नाही, रागावलाही नाही. पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि तिघं पुढे गेली. मी खिडकी लावून घेतली. मग, हसू नका, खिडकीचा गज ज्या हाताने धरला होता तो हात साबणाने धुतला. संध्याकाळी दिवा लावला, पोथी समोर घेतली आणि अध्याय पुढे सरकेना. ‘पुढे जा’ हे दोन शब्द भिक्षेकऱ्याला म्हणायचे नाहीत, ‘पुढे या’ म्हणायचं, असं आमच्या आईने लहानपणी बजावलेलं. श्रीगुरू दुपारी भिक्षेला कोणाच्या रूपाने येतील याचा नेम नाही, असं ती म्हणायची. ती म्हणायची आणि आम्ही ऐकायचो. वेळ आली तेव्हा मी काय केलं ते वर लिहिलं आहे.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, रोह्याला असते. तिचं वय तेव्हा शहात्तर. तीही एकटीच. पेण-रोहा अंतर ते किती, चाळीसएक किलोमीटर. कासू, नागोठणे, निडी की रोहा. एरवी सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं. पण त्या दिवसांत रोहा मला काशीइतकं लांब झालं होतं. रोज संध्याकाळी सातला आमचा फोन असायचा. ती करुणात्रिपदी म्हणायची, मी पलीकडून ऐकायचो. त्या रात्री मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, अक्का म्हणेल, ‘बरं केलंस, जीव सांभाळ.’ ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘अरे बाळ, दार उघडायचं नव्हतं हे खरं. पण पिंप तुझंच होतं ना?’

मग तिने तिचं सांगितलं. रोह्याहून मुरूडच्या बाजूला चालत जाणारी माणसं तिच्याही घरावरून जात होती. तिने पहिल्या दिवशीच ओट्यावर तोटीचा माठ नेऊन ठेवला. तोटी असली की भांडं बुडवायला नको, ज्याने त्याने आपली बाटली लावावी. शेजारी पत्र्याचा डबा. त्यात कागदात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणीची चटणी. स्वतः दार लावून आत खिडकीशी बसायची. ओट्यावर कुणी टेकलं की आतून विचारायची, ‘कुठले तुम्ही? कुठवर जायचंय? पोराचं नाव काय?’ मी म्हटलं, ‘अक्का, नावं कशाला विचारतेस? तुला लक्षात तरी राहतात का?’ ती म्हणाली, ‘नाही राहत. पण पाणी काय, पाणपोईवरही मिळतं. नाव विचारलं की माणूस जरा टेकतो.’

दुसऱ्या दिवशी मी पिंप फाटकाशी नेऊन ठेवलं आणि त्याला तोटी बसवून घेतली. पण ती तिघं त्या वाटेने परत आली नाहीत. ती कुठवर पोचली ते मला आजही माहीत नाही.

यानंतर कितीतरी दिवस आमच्या फोनवर एकच विषय असायचा. अक्काने फार वर्षांपूर्वी नाथांचं भागवत वाचलेलं. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत, हे आपण सगळे जाणतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी यांपासून ते कोळी आणि कुंभारीण माशीपर्यंत. त्यात एक गुरू आहे कुमारी, म्हणजे एक लग्नाची मुलगी. तिची गोष्ट अशी, की एके दिवशी घरची माणसं बाहेर गेलेली असताना तिला बघायला पाहुणे आले. घरात तांदूळ नव्हते. तिने पाहुण्यांना बसवलं आणि आत जाऊन साळी कांडायला घेतल्या. मुसळ वरखाली होऊ लागलं तशी हातातली कांकणं वाजू लागली. पाहुण्यांना कळलं तर घरचं दारिद्र्य उघडं पडेल, म्हणून तिने एकेक कांकण उतरवलं. दोन उरली, तीही वाजतात. मग एकेका हातात एकेकच ठेवलं. आवाज थांबला. अवधूताने त्यातून बोध घेतला, की पुष्कळ जण एकत्र आले की भांडण, दोघे असले तरी बडबड, म्हणून योग्याने त्या कांकणासारखं एकटं असावं.

ही गोष्ट लॉकडाऊनमध्ये मलाही आठवली होती आणि मी ती माझ्या सोयीने वापरली होती. बघा, शास्त्रच सांगतं, एकटं राहा! साळी कांडण्याचा आवाज काय असतो हे मला निराळं सांगायला नको. गिरणीत आयुष्य गेलं, अजूनही कान दुखतात. तेव्हा शांततेची मोठी ओढ. पण अक्का म्हणाली, ‘अरे, तिने कांकणं उतरवली कशाला ते विसरलास. बाहेर पाहुणे बसले होते. त्यांना जेवायला घालायचं होतं.’

मी चमकलो. इतकी वर्षं ही गोष्ट ऐकतो आहे आणि बाहेर बसलेले पाहुणे माझ्या ध्यानातच आले नव्हते. त्या मुलीचं ते एकटेपण अतिथीसाठी होतं. तिने कांकणं काढली आणि कांडण सोडून दिलं असं झालं नाही. कांडण नीट चालावं आणि पाहुण्यांना संकोच होऊ नये, म्हणून कांकणं काढली. अवधूताला योग्याच्या वाटेचा बोध हवा होता, तो त्याने घेतला. आपण गृहस्थ. आपण त्या गोष्टीतलं मुसळ सोडून कसं चालेल?

इथे मला माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर सापडलं. दूर राहणं हे पाप नाही, पुण्यही नाही. आपण कोणासाठी दूर राहिलो, त्यावर सगळं आहे. आपल्यामुळे दुसऱ्याला बाधा होऊ नये म्हणून मागे सरलो, तर तो एकांत. दुसऱ्यामुळे आपल्याला काही होऊ नये एवढ्याच भीतीने मागे सरलो, तर ते एकटेपण. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. दार दोन्हीकडे बंदच. अक्काचं दारही बंद होतं आणि माझंही बंद होतं.

आपल्या परंपरेत हे नवं नाही. संन्यासी चातुर्मासात एका जागी राहतात. पावसाळ्यात जमिनीवर बारीक जीव फार होतात, चालताना ते पायाखाली येऊ नयेत म्हणून चार महिने फिरणं बंद. जो एरवी एका गावात फार काळ राहत नाही, तो दुसऱ्या जिवासाठी स्वतःला बांधून घेतो. श्री नृसिंहसरस्वतींनी एक चातुर्मास कृष्णेकाठी औदुंबरला केला, त्या स्थानाचं माहात्म्य आपण अजून गातो. म्हणजे जागच्या जागी राहणं हेही तप होऊ शकतं. पण चातुर्मासातही भिक्षा सुटत नाही आणि भिक्षा घालणाराही सुटत नाही.

आता कुणी म्हणेल, ‘भाऊ, हे बोलायला सोपं आहे. भीती खोटी नव्हती. माणसं खरंच गेली.’ अगदी खरं. आपल्या मंडळातलेही गेले. काहींना चार खांदेसुद्धा मिळाले नाहीत, घरच्यांनी लांबून हात जोडले. मी भीतीला दोष देत नाही. ज्याच्या घरी दमेकरी आई आहे, त्याने सावध राहायलाच हवं. आणि मास्क, अंतर, लस हे सगळं पाळणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं नव्हे. देवावर भार टाकून गर्दीत शिरणारेही मी पाहिले, त्यांनी स्वतःबरोबर दुसऱ्यांनाही अडचणीत आणलं. २०२० च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या. शतकांची पायी वारी थांबली, ती वारकऱ्यांचा जीव राखण्यासाठी. त्याने विठोबा रागावला असेल असं मला वाटत नाही.

आणि हेही लक्षात ठेवलं पाहिजे, की सगळ्यांना दूर राहता येत नाही. काहींचा धर्मच जवळ जाण्याचा असतो. पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी आजारी माणसांची सेवा केली. रोग्याला उचलून आणताना त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. यावेळीही नर्स, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर आणि घरोघरी फिरणाऱ्या आशाताई हे जवळ गेले, म्हणून आपल्याला दूर राहता आलं. आपला एकांत त्यांच्या पायपिटीवर उभा होता. निदान एवढी जाणीव असली, तरी आपल्या एकांताला थोडा अर्थ येतो.

कोंडलेपणातून काय करता येतं याचं एक उदाहरण आपल्या तालुक्यातच आहे. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी दर रविवारी इतर कैद्यांना गीता सांगितली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली आणि आज ‘गीता प्रवचने’ म्हणून घराघरात आहे. भिंती सरकारच्या होत्या, त्या काही हलल्या नाहीत. पण विनोबांनी कोठडीत बसून फक्त स्वतःपुरतं ध्यान केलं नाही, शेजारच्याला सोबत घेतलं. आम्हा भावाबहिणीचं संध्याकाळी सातचं फोनवरचं भजन म्हणजे त्याचीच लहानशी नक्कल, असं समजा.

पण तेही सुटलं. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि आपला जिल्हा ओरबाडून गेलं. पेणला झाडं पडली, पण रोह्याकडे त्याहून वाईट. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद. सहा दिवस अक्काचा फोन लागला नाही. रोगाच्या भीतीपेक्षा ते सहा दिवस मला जड गेले. सात वाजले की मी फोन समोर ठेवून एकटाच त्रिपदी म्हणायचो. सातव्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या तरी नंबरवरून तिचा आवाज आला, ‘माडीवरची कौलं गेली, मी आहे. तू म्हणत होतास ना रोज? मी इथून म्हणत होते.’ त्या सहा दिवसांत आम्ही एकमेकांना ऐकलं नाही, पण एका वेळी म्हटलं. एकांत म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं असं मी म्हणेन.

आता शेवटची गोष्ट. त्यासाठीच खरं म्हणजे हा लेख लिहायला घेतला.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत मला कोरोना झाला. ऑक्सिजन ठीक होता, म्हणून डॉक्टरांनी घरीच वेगळं राहायला सांगितलं. चौदा दिवस. ताप, अंगात त्राण नाही, तोंडाला चव नाही. मुलगा पुण्याला स्वतःच आजारी. आता माझं दार खरोखर बंद होतं आणि आत मी, ज्याच्याजवळ कुणी यायचं नाही असा.

पहिल्या दिवशी दुपारी फाटकाची कडी वाजली. खिडकीतून पाहिलं तर शेजारच्या चाळीत राहणारी एक बाई. तिचा नवरा मूर्तींच्या कारखान्यात रंगकाम करायचा. त्यांच्याशी माझं कधी दोन शब्दांपलीकडे बोलणं नव्हतं, खरं तर नावही ठाऊक नव्हतं. तिने फाटकाच्या आतल्या स्टुलावर स्टीलचा डबा ठेवला, चार पावलं मागे गेली आणि हाक मारली, ‘काका, मऊभात आहे. गरम आहे तोवर खा. उद्या काय आणू?’

चौदा दिवस डबा आला. कधी भात-वरण, कधी वालाची आमटी, कधी नुसती पेज. मी दार उघडून डबा घ्यायचो तोवर ती रस्त्याच्या पलीकडे उभी. रोज विचारायची, ‘आज ताप किती?’ अक्काचे शब्द आठवले. नाव विचारलं की माणूस जरा टेकतो.

मी आयुष्यभर स्वतःला भिक्षा घालणारा समजत होतो. त्या चौदा दिवसांत कळलं, की दारातला अतिथी मीही आहे. आणि ती मला म्हणू शकली असती, ‘पुढे जा.’ तिलाही दोन लहान मुलं होती.

नंतर कळलं ते जास्त लागलं. आपल्या पेणच्या मूर्ती देशात आणि परदेशात जातात हे आपल्याला भूषण आहे. पण २०२० मध्ये सार्वजनिक मूर्तीला चार फूट आणि घरच्या मूर्तीला दोन फुटांची मर्यादा आली, २०२१ लाही तीच राहिली. आधीच घडवून ठेवलेल्या मोठ्या मूर्ती कारखान्यांत तशाच राहिल्या. रंगकाम करणाऱ्या त्या माणसाला त्या दिवसांत आठवड्यातून दोन-तीन दिवसच काम मिळत होतं. म्हणजे मला चौदा दिवस जेवू घातलं ते अशा घराने.

गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात घेवड्याच्या वेलाची कथा आहे. अमरापूरच्या एका गरीब ब्राह्मणाच्या घरी श्रीगुरू भिक्षेला गेले. घरात धान्य नव्हतं. दारच्या वेलाच्या शेंगांवर ते कुटुंब दिवस काढत होतं. त्याच शेंगांची भाजी त्यांनी वाढली. श्रीगुरू जेवले, आणि जाताना तो वेलच उपटून टाकला. घरच्या बाईने आक्रोश केला. नवऱ्याने मात्र श्रद्धा ठेवली, वेलाची मुळी खणायला गेला तर खाली द्रव्याचा हंडा सापडला. आपण ही कथा सांगताना हंड्यापाशी येऊन थांबतो. मीही तसाच थांबायचो.

पण या दोन वर्षांत कितीतरी जणांचे वेल उपटले गेले आणि सगळ्यांच्या वेलाखाली हंडा निघाला नाही. ते रंगकाम करणारं कुटुंब २०२१ मध्ये गणपती झाल्यावर पेण सोडून कोलाडच्या पुढे आपल्या गावी गेलं. भाडं परवडेना. मी कळल्याबरोबर गेलो, तर टेम्पोत सामान चढलेलं. मी त्यांना थोडे पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. तो म्हणाला, ‘काका, जेवणाचे पैसे घेतात का?’

या ठिकाणी मी तुम्हाला, सगळं देवाच्या इच्छेने झालं, चांगल्यासाठीच झालं, असं सांगू शकत नाही. माझी श्रद्धा आहे, पण दुसऱ्याच्या उपटलेल्या वेलाकडे बघून ‘खाली हंडा असेल, धीर धर’ असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. कथेतही तो हंडा श्रीगुरूंच्या कृपेने निघाला. ज्यांनी शेंगा खाल्ल्या त्या आपल्यासारख्या माणसांनी काय करायचं, हे कथेने आपल्यावर सोडलं आहे. माझ्या समजुतीप्रमाणे, ज्याच्या घरची शेंग खाल्ली त्याच्या परसात जाऊन, जमेल तसा, नवा वेल लावायला मदत करायची. कृपा कृपेच्या जागी. आपलं देणं आपल्या जागी.

माझा प्रश्न इथे सुटला असं मी म्हणत नाही. त्या दुपारी फाटकाशी आलेल्या तिघांचं देणं माझ्याकडे तसंच आहे, आणि ते ज्यांना द्यायचं ती माणसं मला पुन्हा भेटणार नाहीत. पण एवढं कळलं आहे, की पुन्हा कधी दार लावायची वेळ आली तर दार लावीन, मास्क लावीन, अंतर ठेवीन, पण पिंप फाटकाबाहेर असेल आणि खिडकी उघडी असेल. आणि आतून नाव विचारीन. आपल्या मंडळाने या सप्ताहाच्या निमित्ताने एवढं केलं तरी पुष्कळ होईल. आपल्या आळीत, चाळीत एकटं राहणारं म्हातारं माणूस कोण आहे, कोणाचं काम सुटलं आहे, याची एक यादी करावी. आणि रोज एकाने एकाच्या दारात जाऊन उभं राहावं. आत जायची गरज नाही.

तो स्टीलचा डबा अजून माझ्याकडे आहे. गडबडीत द्यायचा राहिला. रिकामा डबा परत करू नये असं आपल्याकडे म्हणतात. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मिनिडोरने नागोठणे, तिथून दुसरी धरून रोह्याला अक्काकडे जाईन. दोन वर्षांत तिला समोर बसून पाहिलेलं नाही. तिला घेऊन मग कोलाडच्या बाजूला. फोन करून पत्ता विचारून ठेवला आहे. डब्यात पेणचे पातळ पोहे भरले आहेत. आणि ज्या कारखान्यात तो कामाला होता, तिथे माघी गणपतीसाठी रंगकामाला माणूस हवा आहे का, हे विचारून आलो आहे. ‘बघू’ म्हणाले आहेत. तेवढा निरोपही नेतो.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥